गाडीवरून पडलात? आधी अंग, मग कागद, मग गाडी

जानेवारीतली पहाट होती. आष्ट्याहून सांगलीला येत होतो, तुंग ओलांडलं होतं. कारखान्यांचा हंगाम भरात होता. रात्रभर उसाचे ट्रॅक्टर शेतातून डांबरीवर चढले होते आणि चाकांना चिकटून आलेली काळी माती रस्त्यावर पसरली होती. तिच्यावर दव पडलेलं. काळ्या मातीवर दव पडलं की रस्त्याला साबण लावल्यासारखं होतं, हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. मलाही माहीत होतं. तरी पुढचा ब्रेक दाबला. पुढचं चाक हातातून कधी सुटलं ते कळलंच नाही. मी रस्त्यावर, गाडी दहा-बारा फुटांवर आडवी, मागचं चाक अजून फिरतंय.

पुढं मी जे केलं ते तुम्ही करू नये, म्हणून हे लिहितोय. उठलो आणि पहिल्यांदा गाडी उभी केली. हँडल वाकडं दिसल्यावर जीव हळहळला. बांधावरून एक शेतकरी मामा पळत आले, "लागलं काय पावणं?" म्हणाले. मी म्हणालो, "काय न्हाई मामा, थोडं खरचटलंय," आणि किक मारून निघालो. घरी कळू नये म्हणून त्याच दिवशी गाडी मेस्त्रीकडं टाकली, चौथ्या दिवशी विम्याला फोन केला आणि दहाव्या दिवशी मनगट घेऊन डॉक्टरकडं गेलो. सगळं उलट्या क्रमानं. त्याचे पैसे भरले आणि मनगटाचं दुखणं अजून थंडीत भरतो. आता क्रम सुलटा करून सांगतो.

रस्त्यावरची पहिली दहा मिनिटं

पडलात की लगेच उठू नका. गरम अंगात लागलेलं कळत नाही, ही म्हातारी माणसं सांगतात ती गोष्ट खरी आहे. पडल्यानंतर काही वेळ शरीर वेदना दाबून ठेवतं. जागेवरच हातापायांची बोटं हलवून बघा. मान दुखत असेल, हातापायांत मुंग्या येत असतील किंवा पाय जड वाटत असेल तर पडून राहा आणि मान हलवू नका. तसं काही नसेल तर रस्त्याच्या कडेला सरका. गाडी राहू दे तिथंच.

तुम्हाला उठता येत असेल तर पहिलं काम गाडीची चावी बंद करणं. कार्बोरेटरची जुनी गाडी असेल तर पेट्रोलचा कॉकही बंद करा, कारण आडव्या गाडीतून पेट्रोल गळतं. आसपास कुणाला बिडी पेटवू देऊ नका. मदतीला माणसं आली की एकाला मागं पन्नास पावलांवर मोबाइलची बॅटरी लावून उभं करा. आपल्याकडं फांद्या आणि दगड रस्त्यावर मांडायची पद्धत आहे. फांदी ठीक, पण निघताना ती उचला. दगड तर मांडूच नका. अपघाताची माणसं दवाखान्यात पोचतात, दगड तिथंच राहतात आणि रात्री त्यांच्यावर दुसराच कुणी पडतो.

दुसरा कुणी पडलेला असेल आणि तुम्ही मदतीला गेला असाल, तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका. त्याला श्वासच घेता येत नसेल तरच, आणि तेही दोघांनी मिळून, एकानं मान धरून. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. गुंगीत असलेल्या माणसाला पाणी, चहा पाजू नका. कांदा नाकाला लावणं, चप्पल हुंगवणं हे सगळं थांबवा आणि १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका फुकट आहे. पोलिसांसाठी ११२. मदत केली तर पोलीस मागं लागतील ही भीती अजून लोकांच्या मनात आहे, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं आहे. मदत करणाऱ्याला नाव-गाव सांगायची सक्ती करता येत नाही.

निघण्याआधी पाच फोटो काढा: पडलेली गाडी, रस्ता आणि त्यावरची माती किंवा खडी, समोरच्या वाहनाची नंबरप्लेट, लांबून दिसणारी पूर्ण जागा, आणि ओळखू येईल अशी एखादी खूण, मैलाचा दगड किंवा दुकानाची पाटी. हे मी केलं नव्हतं. पुढं विम्याच्या माणसानं "कुठं पडला?" विचारलं तेव्हा "तुंगच्या पुढं, माती होती तिथं" एवढंच सांगता आलं.

गाडी उचलायची असेल तर पुढं वाकून कंबरेनं ओढू नका. गाडी उजवीकडं पडली असेल तर आधी साइड स्टँड खाली काढून ठेवा आणि गिअर टाका, म्हणजे ती पुढं घसरणार नाही. मग सीटला पाठ लावून उकिडवं बसा, एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं मागचा दांडा धरा, आणि पायांच्या जोरावर मागं मागं चालत उभे राहा.

दवाखाना

डोकं आपटलं असेल, क्षणभर शुद्ध गेली असेल किंवा पडण्याआधीची दोन मिनिटं आठवत नसतील तर दवाखाना आजच. डॉक्टरांनी घरी सोडलं तरी पुढचे २४ ते ४८ तास एकटे राहू नका. डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलटी, बोलताना अडखळणं, न पेलणारी झोप, झटका, एक बुबुळ मोठं आणि एक लहान दिसणं, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी परत जायचं. डोक्याला मार असेल तर मेडिकलमधून आपल्या मनानं ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या घेऊ नका. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हँडलचं टोक पोटात बसलं असेल तर बाहेर साधा वळ दिसतो आणि आत प्लीहा किंवा यकृताला इजा असू शकते. पोट दुखत राहणं, डाव्या खांद्यात कळ येणं, चक्कर येणं, लघवीतून रक्त जाणं, ही सगळी थांबून न राहण्याची लक्षणं.

आता मनगट. पडताना माणूस हात टेकवतो, आणि मनगटातलं होडीच्या आकाराचं एक छोटं हाड मोडतं. अंगठा वर ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो. तिथं दाबून दुखत असेल तर मुरगळलंय म्हणून सोडू नका. या हाडाची चीर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये कधीकधी दिसतच नाही. म्हणून डॉक्टर पट्टी बांधून दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळं उशीर झाला की ते सांधत नाही. मी मधले नऊ दिवस एका हाडवैद्याकडून तेल लावून चोळून घेत होतो. मोडलेलं हाड चोळून घेणं यापेक्षा मोठा मूर्खपणा मला तरी सुचत नाही, आणि तो मी स्वतः पैसे देऊन केला. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव उशाला असताना.

खरचटण्याला लोक फार हलकं घेतात. डांबरावर घासलेल्या जखमेत बारीक खडी आणि काळी माती रुतून बसते. ती पहिल्याच दिवशी भरपूर स्वच्छ पाण्यानं धुऊन काढली नाही तर कातडीखाली कायमचे निळे-काळे ठिपके राहतात आणि जखम चिघळते ती वेगळीच. धुताना झोंबतं, डोळ्यांतून पाणी येतं, तरी धुवा. निघत नसेल तर दवाखान्यात काढून घ्या. हळद, राख, टूथपेस्ट काही लावू नका. जखम उघडी ठेवून सुकवायची हा आपला जुना समज. न चिकटणारी पट्टी लावून ओलसर झाकून ठेवलेली जखम लवकर भरते. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून डॉक्टरांना सांगा. घाण लागलेली जखम असेल आणि पाच वर्षं उलटून गेली असतील तर ते सहसा पुन्हा देतात.

आणि खरं सांगा. पोलिसांची भानगड नको म्हणून "जिन्यावरून पडलो" असं केसपेपरवर लिहून घेणारे मी पाहिलेत. नंतर विमा किंवा नुकसानभरपाई मागताना तोच कागद गळ्यात येतो. अपघात म्हणून सांगितलं की दवाखाना एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, अशी नोंद करतो, बाकी उपचारांत फरक पडत नाही. उलट फायदा आहे: मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे, तिच्यात योजनेत असलेल्या दवाखान्यात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. त्यासाठी अपघाताची नोंद पोलिसांकडं असावी लागते. म्हणून ११२ चा फोन टाळू नका.

कागद

मेस्त्रीला पान्हा लावू द्यायच्या आधी विम्याला फोन. हे एक वाक्य वहीत लिहून ठेवा. गाडी उघडली, दुरुस्त केली आणि मग कळवलं तर नुकसान बघायला काही उरत नाही आणि क्लेम नाकारायला त्यांना कारण मिळतं. मला मिळालेलं उत्तर तेच होतं, आणि भांडायला माझ्याकडं तोंड नव्हतं.

पॉलिसी काढून आधी बघा कुठली आहे. फक्त थर्ड पार्टी असेल तर तुमच्या गाडीला एक रुपया मिळत नाही. ती समोरच्यासाठी असते. स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तरी पूर्ण बिल मिळत नाही, घसारा कापला जातो. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मा. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणं: दुसऱ्या वर्षात १० टक्के, तिसऱ्यात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५. समजा गाडी साडेतीन वर्षांची आहे, शॉकअपचा पाईप ३,००० चा आणि हेडलाइटचं प्लास्टिक १,२०० चं. तर पाइपाचे ७५० आणि प्लास्टिकचे ६०० तुमच्या खिशातून. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जोड, घेतलं असेल तर ही कापाकापी होत नाही.

"छोट्या कामाला क्लेम करू नको, बोनस जाईल," असा सल्ला तुम्हाला चार जण देतील. चारचाकीला तो बऱ्याचदा बरोबर असतो. दुचाकीचं मात्र गणित करून बघा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हा फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. तो हप्ता जर हजार रुपये असेल तर २० टक्क्यांचा बोनस म्हणजे २०० रुपये. ते वाचवायला चार हजारांचं बिल अंगावर घेणं शहाणपणाचं नाही. बोनस ५० टक्क्यांवर पोचला असेल आणि मोडलाय फक्त आरसा, तर खिशातून भरा.

पॉलिसीवर १५ लाखांचं अपघात संरक्षण लिहिलेलं असतं, ते बघून दवाखान्याचं बिल निघेल असं समजू नका. ते मालक-चालकाच्या मृत्यूसाठी आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, प्लास्टरसाठी नाही.

समोर दुसरं कुणी असेल तर "आपसात मिटवू" हा विषय निघतोच. आरसा-इंडिकेटरवर मिटत असेल तर मिटवा. पण कुणालाही लागलं असेल तर पोलिसात नोंद करा. कायद्यानं ते २४ तासांत कळवायचं असतं. दोन हजार घेऊन गेलेला माणूस आठवड्यानं पाय मोडल्याचा एक्स-रे घेऊन येतो, असंही होतं.

गाडी

जागेवरून चालवत न्यायची का टेम्पोत घालायची, हे ठरवायला पाच मिनिटं द्या. खाली ऑइल, पेट्रोल सांडलंय का? हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळतंय का? वळवल्यावर ॲक्सिलेटर आपोआप वाढत नाही ना? सोडल्यावर खटकन परत येतो ना? दोन्ही ब्रेक लागतात का? चाक मडगार्डला किंवा शॉकअपला घासत नाही ना? एकाचंही उत्तर बिनसलं तर टेम्पो. छोटा हत्ती करायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात दुसऱ्यांदा पडण्याचा खर्च निघत नाही.

गाडी चालू होत नसेल तर आधी घाबरू नका. पडताना इंजिन बंद करायचा लाल किल स्विच दाबला गेला असेल. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. चावी बंद करून पुन्हा चालू केली की तो मोकळा होतो. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल जास्त चढलेलं असतं, थोडं थांबून ॲक्सिलेटर पूर्ण उघडा ठेवून किक मारा. गाडी बराच वेळ आडवी राहिली असेल तर मात्र ऑइल सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. तेव्हा सेल्फ मारू नका. प्लग काढून हळूहळू पाच-सहा किका मारा, ऑइल बाहेर येऊ द्या, मग प्लग पुसून बसवा. सुरुवातीला धूर येईल, तो जातो.

मेस्त्रीकडं गेल्यावर एकच लक्षात ठेवा: पिळलेलं वेगळं आणि वाकलेलं वेगळं. माझ्यासारखं घसरून पडलं की बऱ्याचदा हँडल सरळ धरल्यावर चाक बाजूला बघतं, आणि माणूस समजतो शॉकअप गेले. खरं तर दोन्ही पाईप टी-मध्ये, म्हणजे ते धरणाऱ्या पट्टीत, नुसते पिळलेले असतात. ॲक्सल, खालच्या टीचे बोल्ट आणि मडगार्डचे बोल्ट ढिले करायचे, समोर उभं राहून चाक गुडघ्यांत धरायचं आणि हँडल पिळून सरळ करायचं. मग शॉकअप चार-पाच वेळा दाबून सगळं पुन्हा आवळायचं. अर्ध्या तासाचं काम. नवीन माणसाला याचेच हजारो रुपये लागतात.

समोरून बसलेला मार वेगळा. खड्डा, कुत्रं, ट्रॉलीची मागची बाजू. त्यात पाईप खरंच वाकतो, आणि बहुतेक वेळा खालच्या टीच्या लगेच खाली. शॉकअप उतरवून पाईप जाड काचेवर लोळवून बघायला सांगा. सरळ पाईप गुपचूप लोळतो, वाकलेला उड्या मारतो आणि पाइपाखालून उजेड दिसतो. इथं मेस्त्री म्हणेल, "लेथवाल्याकडून बेंड काढून आणतो, नवा कशाला?" काढून आणतात, आणि डोळ्यांना सरळही दिसतो. मी तसा चालवला. साठच्या पुढं गाडी डावीकडं ओढायची आणि महिन्यात ऑइल सील गळायला लागलं. एकदा वाकलेला पाईप सरळ केल्यावर पहिल्याइतका भरवशाचा राहत नाही. पुढच्या खड्ड्यात तो कसा वागेल ते कुणी सांगू शकत नाही. पाईप नवा घ्या. टी वाकली असेल तर तीही.

त्यानंतर चेसिस. जिथं हँडलचा कोन सेट, म्हणजे बेअरिंग, बसतो तिथली नळी आणि तिथून टाकीखाली जाणारा सांधा कापडानं पुसून उन्हात बघा. रंगाला आडव्या भेगा किंवा पापुद्रे दिसले तर आतलं लोखंड हललंय. मग दोऱ्याची परीक्षा: गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करा, मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी दोरा टेकवून पुढच्या टायरपर्यंत ताणा. पुढचा टायर बारीक असतो, त्यामुळं दोन्ही बाजूंना थोडी फट राहते. ती फट सारखी हवी. एका बाजूला जास्त असेल तर मागचं चाक धरणारा चिमटा, चेसिस किंवा नुसतं मागच्या चाकाचं अलाइनमेंट, यातलं काहीतरी बिघडलंय. आधी चेन ॲडजस्टरच्या खुणा बघा, बऱ्याचदा तिथंच उत्तर असतं. चेसिसला घरगुती वेल्डिंग मात्र नको. चेसिसचं काम निघालं तर विमा कंपनी दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची विम्यातली किंमत यांची तुलना करते. खर्च ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉसमध्ये जाते. तेव्हा भावनेत अडकू नका.

तारांची रिम आउट असेल, म्हणजे फिरताना डुलत असेल, तर तारा ओढून आउट काढता येतं. अलॉय चाकाला तडा गेला असेल तर ते बदलायचं. वेल्डिंग करून देणारे आहेत, त्यांच्याकडं जाऊ नका. डिस्क फिरवून बघा, ती लहरत असेल तर ब्रेक दाबल्यावर लिव्हर हाताला धक्के देईल. हँडल वाकलं तर नवं, ते स्वस्त आहे. टाकीचा पोचा, मडगार्डचा रंग, स्टिकर शेवटी, आणि जमलंच नाही तर राहू द्या. पैसे कमी असतील तर भंगारातून टाकी, मडगार्ड, साइड पॅनल खुशाल आणा. ब्रेकचे भाग, टायर आणि शॉकअपचे पाईप भंगारातून आणू नका.

हेल्मेट आपटलं असेल तर ते गेलं. बाहेरून धड दिसलं तरी आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो, पुन्हा फुगत नाही. टाकताना पट्टा कापून टाका, नाहीतर कुणीतरी उचलून घालतो. नवं घेताना आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा आकडा बघा.

पुन्हा रस्त्यावर

डॉक्टरांनी प्लास्टर काढलं म्हणजे गाडी चालवायची परवानगी मिळाली असं होत नाही. उभ्या गाडीवर बसून बघा: क्लच पूर्ण दाबून अर्धा मिनिट धरता येतो का, पुढचा ब्रेक जोरात दाबता येतो का, मान वळवून मागचं बघता येतं का. जमत नसेल तर एसटी आहे.

पहिली फेरी दिवसा, मोकळ्या रस्त्यावर, एकट्यानं. आधी वीसच्या वेगात ब्रेक, मग चाळीसच्या. हँडल घट्ट आवळू नका, हलक्या हातानं धरा, म्हणजे गाडी कुठं ओढते ते कळेल. पण सोडून बघण्याचा शहाणपणा नको. शंभर किलोमीटर झाल्यावर परत मेस्त्रीकडं जाऊन ॲक्सल, टी आणि हँडलचे बोल्ट आवळून घ्या. नवीन बसवलेले भाग बसायला तेवढं अंतर घेतात.

भीती वाटते. मला तुंगच्या त्या जागेवरून जाताना दोन महिने हात घामेजायचे. मोठ्या भावानं एक दिवस दुपारी मागं बसून तिथंच नेलं, गाडी कडेला लावायला लावली आणि रस्ता दाखवला. शेताची वाट डांबरीला जिथं मिळते तिथून दोन तपकिरी पट्टे निघाले होते, शंभर-दीडशे फूट लांब, हळूहळू फिके होत गेलेले. "हे लांबनं दिसतंय का न्हाई?" त्यानं विचारलं. दिसत होतं. तेव्हापासून हंगामात उसाची वाट दिसली की मातीवर पोचायच्या आधीच वेग कमी करतो, गिअर उतरवतो, आणि मातीवर गेल्यावर ब्रेकला हात न लावता गाडी सरळ जाऊ देतो. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असेल तर रात्री घाईनं ओव्हरटेक करत नाही. मागच्या ट्रॉलीला बऱ्याचदा दिवा नसतो आणि ती वळणावर शेपटासारखी बाहेर येते. थांबतो, पुढचा रस्ता मोकळा दिसला की जातो. सांगलीवाडी यायला पाच मिनिटं उशीर होतो.